जुना यूएसबी वाय-फाय अडॅप्टर नव्या संगणकावर: आधी आतली चिप ओळखा, मग ड्रायव्हर शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विंडोज ७ असलेल्या जुन्या डेस्कटॉपवर टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हा अडॅप्टर अनेक वर्षे विनातक्रार चालला. तोच आता विंडोज ११ असलेल्या नव्या डेस्कटॉपला लावला, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह दिसते आणि वाय-फायचे नाव मात्र कुठेच येत नाही. सोबत मिळालेली सीडी घरात आहे, पण नव्या संगणकाला सीडी ड्राइव्ह नाही. अशा वेळी हा अडॅप्टर चालवता येईल, की नवा घ्यावा?

बहुतेक वेळा चालवता येतो. वेळ वाया जातो तो अडॅप्टरमुळे नाही, तर चुकीच्या नावाने ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला उपकरण चालवायला शिकवणारे सॉफ्टवेअर, शोधल्यामुळे. कवचावर छापलेले नाव विक्रीसाठी असते. संगणक ओळखतो ती आतली चिप, आणि एकाच नावाखाली कंपनीने वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या चिप विकलेल्या असतात. तुमचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अॅथेरॉसची एआर९२७१ ही चिप होती, तर दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली. रूप तेच, काढता येणारा अँटेना तोच, खोकेही जवळपास तसेच. पण एकाचा ड्रायव्हर दुसऱ्यावर कधीही चालणार नाही. त्यामुळे ‘माझ्या मित्राकडे हाच अडॅप्टर विंडोज ११ वर चालतो’ हे वाक्य आवृत्ती कळल्याशिवाय निरुपयोगी आहे.

आवृत्ती अडॅप्टरच्या मागच्या बाजूच्या चिकटपट्टीवर, अनुक्रमांकाच्या आसपास बारीक अक्षरांत छापलेली असते. तिथे आवृत्तीचा उल्लेखच नसेल तर टीपी-लिंकच्या बाबतीत ती पहिली आवृत्ती समजावी. पट्टी पुसली गेली असेल, किंवा अडॅप्टर बिननावाचा असेल, तर थेट संगणकालाच विचारावे, आणि खरे तर पट्टी शाबूत असली तरी हीच पद्धत अधिक खात्रीची आहे. डिव्हाइस मॅनेजर उघडून पिवळ्या चिन्हाच्या ओळीवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स या भागात जा आणि यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. तिथे व्हीआयडी (कंपनीचा क्रमांक) आणि पीआयडी (उत्पादनाचा क्रमांक) या दोन शब्दांपुढे प्रत्येकी चार अक्षरांचे सांकेतिक क्रमांक दिसतील. पडद्यावर ते रोमन लिपीत असतील. इथे देवनागरीत देतो. व्हीआयडी ०सीएफ३ आणि पीआयडी ९२७१ असेल, तर तुमच्याकडे अॅथेरॉसची पहिली आवृत्ती आहे. व्हीआयडी २३५७ आणि पीआयडी ०१०सी असेल, तर रिअलटेकची नंतरची आवृत्ती आहे. त्याच ओळीचे नावही बरेच काही सांगून जाते: ‘यूएसबी२.० डब्ल्यूलॅन’ असे दिसले तर बहुधा अॅथेरॉस, ‘८०२.११एन एनआयसी’ दिसले तर बहुधा रिअलटेक. तरीही निर्णय आयडीवरच घ्यावा.

आपल्याकडे वारंवार भेटणारे आणखी काही क्रमांक सांगून ठेवतो, कारण हे उत्तर वाचणाऱ्या प्रत्येकाकडे ७२२एन असेलच असे नाही. व्हीआयडी १४८एफ हा रालिंक या कंपनीचा क्रमांक आहे. ही कंपनी २०११ मध्ये मीडियाटेकने विकत घेतली, म्हणून ड्रायव्हर शोधताना दोन्ही नावांनी शोधावे लागते. त्यात पीआयडी २८७०, ३०७० किंवा ५३७० असेल तर चिपचे नावही आरटी२८७०, आरटी३०७०, आरटी५३७० असेच असते, आणि ७६०१ असेल तर ती एमटी७६०१यू. संगणकाच्या बाजारात प्लास्टिकच्या पाकिटात मिळणाऱ्या, नखाएवढ्या, वर ‘५०० एमबीपीएस’ वगैरे छापलेल्या बिननावाच्या डोंगलांमध्ये, म्हणजे छोट्या यूएसबी अडॅप्टरांमध्ये, ही चिप फार आढळते. ती फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते आणि तिची कागदावरची कमाल गती १५० एमबीपीएस आहे. पाकिटावरचा आकडा कुठून आला हे छापणाऱ्यालाच ठाऊक. व्हीआयडी ०बीडीए म्हणजे रिअलटेक, आणि त्यातला पीआयडी ८१७९ म्हणजे आरटीएल८१८८ईयू. रिअलटेकच्या नावांमध्ये एक सापळा आहे. ८१८८सीयू आणि ८१८८ईयू ही नावे भावंडांसारखी वाटतात, पण ड्रायव्हरच्या दृष्टीने त्या दोन स्वतंत्र पिढ्या आहेत. शेवटची दोन अक्षरे न वाचता ड्रायव्हर उतरवला की तासभर गेला म्हणून समजा.

काही डोंगल लावल्यावर वाय-फायऐवजी सीडी ड्राइव्ह म्हणूनच हजर होतात. त्यांच्या आत थोडी साठवण असते, तिच्यात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो आणि तो बसवल्यानंतरच उपकरण आपले खरे रूप दाखवते. व्हीआयडी ०बीडीए आणि पीआयडी १ए२बी असे दिसले तर नेमके हेच घडते आहे. विंडोजमध्ये त्या खोट्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘इजेक्ट’ केल्यास अनेकदा खरा आयडी समोर येतो. लिनक्स या विंडोजला पर्यायी ऑपरेटिंग सिस्टिममध्ये यासाठी यूएसबी मोडस्विच नावाचा छोटा कार्यक्रम आहे. तुमच्या ७२२एनला ही अडचण नाही.

आता इंटरनेटचा पेच. वाय-फाय नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही, आणि ड्रायव्हर नाही म्हणून वाय-फाय नाही. सर्वांत सोपा उपाय खिशात असतो. अँड्रॉइड फोन घरच्या वाय-फायला जोडा, चार्जिंगच्या केबलने संगणकाला लावा आणि फोनच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेथरिंग’ सुरू करा. विंडोजला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही, आणि बहुतेक फोन मोबाइल डेटाऐवजी वाय-फायचेच इंटरनेट केबलवाटे पुढे देतात, त्यामुळे डेटा पॅकही वाचतो. सीडी ड्राइव्ह उसना आणण्याची खटपट करू नका. २०१० च्या आसपासच्या सीडीवरचा ड्रायव्हर विंडोज एक्सपी, व्हिस्टा आणि ७ साठीचा असतो. तो नव्या संगणकावर बसवण्याची इच्छा न झालेलीच बरी.

इंटरनेट मिळाले की पहिला प्रयत्न विंडोज अपडेटला करू द्यावा. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, त्यात अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि त्याखाली ऑप्शनल अपडेट्स असा मार्ग आहे. ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टकडे असेल, पण आपोआप बसत नसेल, तर तो तिथे यादीत दिसतो. तिथे काही नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमध्ये तोच व्हीआयडी-पीआयडी जसाच्या तसा शोधावा. मिळणारी फाइल कॅब प्रकारची असते. ती एक्स्प्लोररमध्ये दोनदा क्लिक करून उघडते आणि आतल्या फाइली एका रिकाम्या फोल्डरमध्ये काढून घेता येतात. तिसरा मार्ग उत्पादकाच्या सहाय्य पानाचा. तिथे मॉडेलबरोबर आवृत्ती आणि विकला गेलेला देशही निवडायला विसरू नये. ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणवणारी फुकट सॉफ्टवेअरे मात्र कटाक्षाने टाळावीत. त्यांच्यातली बरीचशी जाहिराती आणि नको ते कार्यक्रम सोबत आणतात, आणि जुन्या चिपच्या बाबतीत त्यांचा अंदाज बऱ्याचदा चुकतो.

उत्पादकाच्या पानावर विंडोज ११ चा उल्लेख नसला तरी निराश होण्याचे कारण नाही. विंडोज १० चा ६४ बिटी ड्रायव्हर ११ वर सहसा चालतो, आणि ८.१ चाही बऱ्याच वेळा चालतो. अडतो तो सेटअपचा कार्यक्रम, कारण तो आधी विंडोजची आवृत्ती तपासतो आणि ओळखीची नसली की काम थांबवतो. त्याला बाजूला ठेवून ड्रायव्हर हाताने बसवता येतो. उतरवलेल्या झिपमध्ये शेवटी आयएनएफ असलेली एक साधी मजकूर-फाइल असते, तिच्या शेजारी सिस आणि कॅट या शेवटांच्या फाइली असतात. आयएनएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडून त्यात आपला व्हीआयडी आणि पीआयडी शोधा. सापडला, तर हा ड्रायव्हर तुमच्या अडॅप्टरसाठीच आहे. मग ती ओळ कोणत्या शीर्षकाखाली आहे ते पाहा: शीर्षकात ‘एनटीएएमडी६४’ असेल तर तो ६४ बिटी विंडोजसाठीचा भाग आहे. यातल्या एएमडी या अक्षरांनी इंटेलचा प्रोसेसर असलेले लोक गोंधळतात. ६४ बिटी रचना प्रथम एएमडीने आणली म्हणून ते नाव राहिले आहे, इंटेललाही तोच भाग लागतो. विंडोज ११ फक्त ६४ बिटीच असल्यामुळे ‘एनटीएक्स८६’ एवढाच भाग असलेली फाइल थेट बाजूला टाकावी.

आयडी सापडल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या ओळीवर राइट क्लिक करून ‘अपडेट ड्रायव्हर’, नंतर ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’ निवडा आणि आयएनएफ असलेला फोल्डर दाखवा. तरीही विंडोज नकार देत असेल तर त्याच खिडकीतला ‘लेट मी पिक’ हा पर्याय घेऊन नेटवर्क अडॅप्टर हा प्रकार निवडा आणि ‘हॅव डिस्क’ने तीच फाइल द्या. हा मार्ग विंडोजचे स्वतःचे मत बाजूला सारतो, म्हणून चिप कोणती याची खात्री असल्याशिवाय तो वापरू नये. आयडी फाइलमध्ये नाही म्हणून तो हाताने लिहून टाकण्याचा सल्लाही अनेक जण देतात. तसे केले की आयएनएफ फाइलची डिजिटल स्वाक्षरी तुटते, कारण शेजारच्या कॅट फाइलमध्ये मूळ मजकुराचा ठसा नोंदलेला असतो आणि बदललेला मजकूर त्याच्याशी जुळत नाही. मग पुढे स्वाक्षरी तपासणी बंद करा, टेस्ट मोड चालू करा अशी साखळी सुरू होते. एका वाय-फायच्या डोंगलसाठी संगणकाची राखण उघडी टाकणे मला पटत नाही.

ड्रायव्हर बसवूनही पिवळे चिन्ह गेले नाही, तर प्रॉपर्टीजच्या पहिल्याच भागात लिहिलेला कोड वाचावा. लोक तो वाचत नाहीत, आणि नेमके निदान तिथेच असते. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. कोड ५२ म्हणजे स्वाक्षरी पटलेली नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण उपकरण सुरू होऊ शकले नाही. इथे बहुधा चुकीच्या आवृत्तीचा ड्रायव्हर बसलेला असतो. कोड ४३ म्हणजे उपकरणानेच बिघाड कळवला आहे. इथे आधी पोर्ट बदलावा, डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टऐवजी मदरबोर्डवरचा मागचा पोर्ट घ्यावा, आणि तरीही कोड तोच राहिला तर अडॅप्टर दुसऱ्या संगणकावर लावून पाहावा.

कोड ३९ वर थोडे थांबावे लागेल, कारण नव्या संगणकांवर तो अधिक दिसतो आणि त्याचा खुलासा सहसा कुणी करत नाही. कोडचा शब्दशः अर्थ ड्रायव्हर लोड होऊ शकला नाही एवढाच, पण विंडोज ११ वर त्यामागे अनेकदा ‘मेमरी इंटेग्रिटी’ ही सुरक्षा असते. विंडोज सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात कोअर आयसोलेशन इथे ती सापडते. ही सुरक्षा प्रोसेसरच्या आभासीकरणाच्या सोयीने कर्नेलमधला, म्हणजे विंडोजच्या गाभ्यातला, प्रत्येक ड्रायव्हर तपासते आणि ज्या ड्रायव्हरची स्मृती हाताळण्याची पद्धत जुनी आहे त्याला आत येऊ देत नाही. नव्या संगणकांवर ती बहुधा सुरुवातीपासून चालू असते, म्हणून तोच ड्रायव्हर अपग्रेड केलेल्या जुन्या लॅपटॉपवर चालतो आणि नव्या यंत्रावर अडतो. ‘या उपकरणावर ड्रायव्हर लोड होऊ शकत नाही’ अशा अर्थाची सूचना येते आणि तिच्यात सिस फाइलचे नाव असते. ते नाव तुमच्या अडॅप्टरच्या ड्रायव्हरचे निघाले तर शंका संपली. त्याच चिपचा अधिक नवा ड्रायव्हर मिळतो का ते पाहा. न मिळाल्यास तो अडॅप्टर या संगणकावर वापरण्याचा नाद सोडा. सुरक्षा बंद केली तर ड्रायव्हर चालेल हे खरे आहे, पण ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात त्यावर मी ती बंद करणार नाही, आणि तुम्हालाही तसे सुचवणार नाही.

एक स्पष्ट मर्यादाही इथेच सांगतो. नवा संगणक स्नॅपड्रॅगनसारख्या एआरएम प्रोसेसरचा असेल, तर जुना अडॅप्टर जवळपास निकालात निघाला असे समजावे. अशा विंडोजवर जुनी सॉफ्टवेअरे अनुकरणाने चालतात, ड्रायव्हर मात्र तसे चालत नाहीत. त्यांना एआरएम६४ साठी स्वतंत्रपणे बांधावे लागते आणि १० वर्षांपूर्वीच्या डोंगलसाठी तसे कुणी बांधत बसलेले नाही.

समजा ड्रायव्हर बसला, चिन्ह गेले, आजूबाजूची नेटवर्के दिसू लागली, पण घरचे नाव त्यांत नाही. इथे अडॅप्टर निर्दोष असतो आणि राउटर बदललेला असतो. ७२२एन फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकतो. भारतात ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा परवानामुक्त झाला २०१८ मध्ये, आणि त्यानंतर फायबरच्या जोडणीसोबत दोन्ही पट्ट्यांचे राउटर घरोघरी आले. राउटरवर २.४ चा पट्टा बंद केलेला असेल, किंवा दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावे देऊन तुम्ही ५ चेच नाव शोधत असाल, तर ते या अडॅप्टरला कधीच दिसणार नाही. दुसरे कारण चॅनेलचे आहे. भारतात २.४ गिगाहर्ट्झमध्ये १ ते १३ असे चॅनेल वापरता येतात, अमेरिकेच्या बाजारासाठी बांधलेले अडॅप्टर मात्र ११ च्या पुढे ऐकत नाहीत. नातेवाइकांनी तिकडून आणलेला डोंगल असेल आणि राउटरने आपोआप १२ किंवा १३ क्रमांक निवडला असेल, तर काही दिवस वाय-फाय दिसते आणि काही दिवस दिसत नाही, असा भुताटकीसारखा प्रकार होतो. राउटरमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ पक्का करून टाकला की तो थांबतो.

नाव दिसते, पासवर्ड बरोबर आहे, तरी जोडणी होत नाही, असे असेल तर सुरक्षेचा प्रकार पाहावा. डब्ल्यूपीए३ या वाय-फाय सुरक्षेच्या नव्या प्रकाराची घोषणा २०१८ ची आहे आणि विंडोजला ती २०१९ पासून कळते, पण केवळ विंडोजला कळून भागत नाही. ड्रायव्हरनेही ती येत असल्याचे सांगावे लागते, आणि जुने ड्रायव्हर ते सांगत नाहीत. राउटर ‘फक्त डब्ल्यूपीए३’वर असेल तर त्याला डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ अशा मिश्र प्रकारावर आणावे. तेवढ्यानेही काम झाले नाही, तर २.४ गिगाहर्ट्झवर एईएस ही सांकेतिकीकरणाची पद्धत असलेल्या डब्ल्यूपीए२ चे एक वेगळे पाहुण्यांचे नेटवर्क तयार करून फक्त हा संगणक त्यावर ठेवावा. त्याखाली मात्र उतरू नये. डब्ल्यूईपी या जुन्या, कमकुवत सुरक्षेशिवाय काहीच न समजणारे अडॅप्टर अजूनही कुणाकुणाच्या कपाटात असतात. त्यांच्यासाठी घरच्या राउटरची कडी काढून ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय टीकेआयपी हा सांकेतिकीकरणाचा जुना प्रकार निवडला तर ८०२.११एन या वाय-फाय मानकाचे अडॅप्टरही ५४ एमबीपीएसच्या वर जात नाहीत, कारण त्या मानकाला आपली पूर्ण गती एईएसशिवाय देता येत नाही. ‘गती ५४ वरच अडकली आहे’ या तक्रारीचे मूळ अनेकदा एवढेच असते. राउटर वाय-फाय ६ चा असेल आणि वरचे सगळे करूनही जुना अडॅप्टर अडत असेल, तर २.४ च्या पट्ट्यापुरता एएक्स (म्हणजे वाय-फाय ६) प्रकार बंद करून बीजीएन हा जुन्या मानकांचा प्रकार ठेवून पाहावे.

जोडणी झाली, पण वारंवार तुटते किंवा गती अगदीच कमी आहे, तर अडॅप्टर कुठे खोचला आहे ते आधी पाहा. यूएसबी ३.० च्या तारांमधून धावणाऱ्या संकेतांचा विद्युतगोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो. इंटेलने २०१२ मध्येच मोजमापांसह हे दाखवून दिले होते. निळ्या पोर्टात शेजारी शेजारी पोर्टेबल हार्ड डिस्क आणि वाय-फायचा डोंगल लावलेला असेल, तर डिस्कवर फाइली उतरवायला सुरुवात होताच वाय-फाय मान टाकते. अडॅप्टर मागच्या काळ्या यूएसबी २.० पोर्टात लावा आणि शक्य असल्यास मीटरभर लांबीच्या एक्स्टेंशन केबलने त्याला कॅबिनेटच्या पत्र्यापासून दूर, टेबलावर आणून ठेवा. ७२२एनच्या खोक्यात अशी केबल मिळत असे आणि बहुतेक घरांत ती कुठल्यातरी खणात न उघडताच पडलेली असते. संकेताच्या पट्ट्या त्या एका केबलने जेवढ्या वाढतात, तेवढ्या ड्रायव्हरच्या कुठल्याही सेटिंगने वाढत नाहीत. त्यानंतरही तुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या आणि अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटमधली ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ या अर्थाची खूण काढून टाका. गतीची अपेक्षाही वास्तवाला धरून ठेवावी: एका अँटेनाच्या ८०२.११एन अडॅप्टरवर १५० एमबीपीएस लिहिलेले असले तरी गजबजलेल्या इमारतीत प्रत्यक्ष हाती ३० ते ५० एमबीपीएस येतात. व्हिडिओ पाहायला आणि कार्यालयाच्या बैठकींना ते पुरते. २०० एमबीपीएसच्या फायबरचा पुरेपूर उपयोग त्यातून होणार नाही.

नवा संगणक लिनक्सचा असेल तर चित्र बरेच वेगळे आहे, आणि जुन्या अडॅप्टरच्या बाजूने आहे. तिथे ड्रायव्हर कर्नेलसोबतच येतात आणि एकदा आत गेलेले ड्रायव्हर सहसा काढले जात नाहीत. तुमच्याकडे ७२२एनची पहिली आवृत्ती निघाली, तर लिनक्सवर तिच्याइतका बिनबोभाट चालणारा जुना अडॅप्टर विरळा. तिचा एथ९के-एचटीसी हा ड्रायव्हर २०१० पासून कर्नेलमध्ये आहे. तिची एकच अट आहे. या चिपच्या पोटात स्वतःचे फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा कार्यक्रम, नसते. अडॅप्टर लावताच ड्रायव्हर ते तिच्यात भरतो. डीमेसग या आदेशाच्या नोंदींमध्ये ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड’ अशा शब्दांची ओळ आणि शेवटी ‘एरर -२’ दिसले, तर त्याचा अर्थ फर्मवेअरची फाइल सापडली नाही एवढाच आहे. अडॅप्टर बिघडलेला नाही. वितरणाच्या, म्हणजे तुम्ही बसवलेल्या लिनक्सच्या प्रकाराच्या, भांडारातून फर्मवेअरचे पॅकेज बसवले की काम होते. डेबियन या वितरणाने २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर प्रतिष्ठापनेच्या माध्यमातच द्यायला सुरुवात केली, त्यामुळे ही अडचण पूर्वीइतकी उरलेली नाही.

रिअलटेकच्या दुसऱ्या आवृत्तीचा इतिहास इतका सरळ नाही. ८१८८ईयूसाठी बराच काळ कर्नेलच्या ‘स्टेजिंग’ विभागातला कच्चा ड्रायव्हर किंवा बाहेरून आणून स्वतः बांधलेला ड्रायव्हर वापरावा लागे, आणि दर कर्नेल अपडेटनंतर तो मोडे. २०२३ पासूनच्या कर्नेलमध्ये आरटीएल८एक्सएक्सएक्सयू या मुख्य ड्रायव्हरनेच ही चिप सांभाळायला घेतली आहे. त्यामुळे जुन्या मार्गदर्शिका वाचून बाहेरचा ड्रायव्हर बांधण्याआधी नवा कर्नेल असलेले वितरण चालवून पाहावे. दोन्ही ड्रायव्हर एकाच वेळी उपस्थित राहिले तर ते एकमेकांच्या पायात येतात, म्हणून बांधलेला जुना आधी काढून टाकावा. सिक्युअर बूट (फक्त स्वाक्षरी असलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल आणि बाहेरचा ड्रायव्हर बांधण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर तो स्वतःच्या चावीने स्वाक्षांकित करून ती चावी संगणकात नोंदवावी लागते. नाहीतर बांधणी यशस्वी होते, पण ड्रायव्हर लोड होत नाही. रिअलटेकच्या काही ड्रायव्हरांचे नेटवर्क मॅनेजर या जोडण्या सांभाळणाऱ्या कार्यक्रमाच्या एका सवयीशी पटत नाही: शोध घेताना तो हार्डवेअरचा पत्ता यादृच्छिक बदलतो, आणि अडॅप्टर नेटवर्के दाखवतो पण जोडत नाही. नेटवर्क मॅनेजरच्या संरचनेत हा पत्ताबदल बंद केला की बहुतेक वेळा जोडणी लगेच होते. मॅकबद्दल सांगायचे तर नव्या मॅकवर असे जुने यूएसबी अडॅप्टर चालवण्याच्या मागे लागू नये. त्यांच्यासाठीचे कर्नेल एक्स्टेंशन जुन्या मॅक ओएसपुरतेच लिहिले गेले होते.

तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे, म्हणजे नवा घ्यावा का याकडे येतो. आयडी पाहणे, अपडेट कॅटलॉग आणि आयएनएफचा मार्ग, पोर्ट बदलणे आणि राउटरच्या सेटिंग तपासणे एवढे करूनही काम झाले नाही, तर पुढे हट्ट धरू नये. घरात जुना राउटर पडून असेल तर त्यात ‘क्लायंट’ किंवा ‘डब्ल्यूआयएसपी’ प्रकार आहे का पाहावे; तो राउटर घरच्या वाय-फायला जोडून लॅन केबलने डेस्कटॉपला लावला की संगणकाला वाय-फायच्या ड्रायव्हरची गरजच उरत नाही. डेस्कटॉप एकाच जागी राहणार असेल तर मला हा उपाय कोणत्याही डोंगलपेक्षा अधिक पसंत आहे, आणि मुख्य राउटरपासून थेट केबल ओढता आली तर त्याहूनही उत्तम.

विकतच घ्यायचा ठरला तर दोन्ही पट्ट्यांचा साधा अडॅप्टर हजार रुपयांच्या आसपास मिळतो. नावाजलेल्या कंपनीचाही घेताना विंडोज ११ चा उल्लेख खोक्यावर आहे की नाही ते पाहावे, मॉडेलबरोबर आवृत्तीचा क्रमांक विचारावा, आणि लिनक्स वापरत असाल तर चिपचे नाव कळल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मीडियाटेकच्या एमटी७६१२यू किंवा एमटी७९२१एयू या चिप असलेले अडॅप्टर लिनक्सच्या मुख्य कर्नेलमध्ये व्यवस्थित चालतात. रिअलटेकच्या ८८१२एयू आणि ८८२१एयूसाठी मुख्य कर्नेलमध्ये ड्रायव्हर आला तो २०२५ च्या सुरुवातीला, म्हणून त्याआधीच्या कर्नेलवर त्या चिप घेतल्या तर पुन्हा बाहेरचा ड्रायव्हर बांधत बसावे लागेल. तुमचा ७२२एन मात्र, पहिल्या आवृत्तीचा निघाला तर, नवा अडॅप्टर घेतल्यावरही टाकून देऊ नका: लिनक्स बसवलेल्या एखाद्या जुन्या लॅपटॉपवर तो अजून बरीच वर्षे काम देईल.